इन्शुरन्ससाठी कॉलेज, कॉलेजसाठी कर्ज

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलगा किंवा मुलगी सव्वीसची व्हायला आली की दोन विषय निघतात, एक लग्नाचा आणि दुसरा इन्शुरन्सचा, आणि खरं सांगू का, दुसऱ्याचं टेन्शन जास्त असतं. सव्वीस पूर्ण झाली की आईबाबांच्या हेल्थ इन्शुरन्समधून नाव जातं. नोकरीतून मिळाला तर ठीक, नाहीतर आपला आपण घ्या आणि दर महिन्याचा हप्ता बघून डोळे पांढरे करा. मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या लाइनीत उभं राहून ही चर्चा मी दरवर्षी ऐकते. पण हे सव्वीस आलं कुठून असं विचारलं तर "ओबामाकेअर" एवढंच उत्तर मिळतं आणि लाइन पुढे सरकते. ओबामांच्या त्या हेल्थकेअर कायद्यामागे कॉलेजच्या पोरांनी काय उद्योग केले आणि त्यातच स्टुडंट लोनचं अख्खं प्रकरण कसं येऊन बसलं, हे मला थोडंफार जवळून बघायला मिळालं, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

२००९ साली मी मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत मास्टर्स करत होते. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना युनिव्हर्सिटीचा इन्शुरन्स कम्पल्सरी, त्यात दात नाहीत, डोळे नाहीत, आणि अमुक रकमेच्या वर बिल गेलं की पुढचं तुमचं तुम्ही बघा. अक्कलदाढ दुखायला लागली की आम्ही सगळे पेनकिलर खाऊन डिसेंबरची वाट बघायचो आणि पुण्याला येऊन डेंटिस्ट गाठायचो, हे इतकं रूटीन होतं की कोणी त्याला तक्रारसुद्धा म्हणत नव्हतं. मला वाटायचं आपण परदेशी म्हणून आपले हे हाल, इथल्या मुलांचं बरं चाललं असेल.

तसं काही नव्हतं. माझी रूममेट त्याच राज्यातली, अंडरग्रॅडच्या शेवटच्या वर्षाला, वडील कारखान्यात, इन्शुरन्स वडिलांच्या नोकरीचा. तिला दमा होता. तेव्हा बहुतेक प्लॅन्समध्ये एकोणीस झाली की मुलांचं नाव कट, फक्त फुलटाइम विद्यार्थी असलात तर बावीस-तेवीसपर्यंत ताणलं जायचं, आणि फुलटाइम म्हणजे सेमिस्टरला बारा क्रेडिट्स. हिच्या डिग्रीला नऊच क्रेडिट्स उरले होते. मग तिने जॅझचा इतिहास असा एक कोर्स घेतला, संगीताशी काडीचा संबंध नसताना, निव्वळ बारा भरायला, आणि त्या तीन क्रेडिट्सच्या फीसाठी आणखी लोन काढलं. म्हणजे इन्हेलर मिळावा म्हणून जॅझ, आणि जॅझसाठी कर्ज. इन्हेलरच्या मागे किती डोस उरले त्याचा आकडा असतो बघा, तो ती रोज रात्री बघायची आणि थोडासा दम लागला तर तशीच बसून राहायची, वापरायची नाही. ग्रॅज्युएशननंतर काय, हा विचार तिच्या डोक्यात नोकरीच्या आधी इन्हेलरवरून सुरू व्हायचा.

याचं टोक म्हणजे मिशेल मोर्सची गोष्ट, ती तेव्हा कॅम्पसवर बऱ्याच जणांना माहीत होती. न्यू हॅम्पशरमधल्या प्लिमथ स्टेटची विद्यार्थिनी. कॉलेजात असताना आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले कोर्सेस कमी कर, पण कमी केले तर फुलटाइम राहत नाही, आणि फुलटाइम नाही तर आईवडिलांचा इन्शुरन्स नाही. तिने केमो घेत घेत पूर्ण कोर्सेस केले, डिग्री घेतली, आणि २००५ मध्ये, बावीस वर्षांची असताना गेली. तिच्या आईने पाठपुरावा करून आधी राज्यात आणि मग केंद्रात कायदा करून घेतला, बुशसाहेबांनी ऑक्टोबर २००८ मध्ये सही केली: आजारी विद्यार्थ्याने सुट्टी घेतली तर वर्षभर इन्शुरन्स काढून घ्यायचा नाही. बस, वर्षभर. एवढ्यासाठी एका आईला इतकी वर्षं दारं ठोठवावी लागली.

आता दुसरी बाजू, कर्जाची. ही जरा किचकट आहे पण मजा इथेच आहे. तेव्हा अमेरिकेत सरकारी स्टुडंट लोन दोन रस्त्यांनी मिळायचं. एक, सरकार डायरेक्ट देणार. दुसरं, बँक किंवा सॅली मेसारखी कंपनी देणार, पण हमी सरकारची, वर सरकार बँकेला सबसिडीही देणार. बुडालं तर जवळजवळ सगळं सरकार भरणार, फायदा झाला तर बँकेचा. असा धंदा कोणाला नको! आणि कॉलेजने आपल्याच कंपनीचं नाव पुढे करावं म्हणून फायनान्शियल एडच्या लोकांना काय काय दिलं जायचं ते २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे अँड्र्यू क्युओमोने, बाहेर काढलं होतं. तर विद्यार्थी संघटनांचं म्हणणं साधं होतं: मधला दलाल काढा, सगळं लोन डायरेक्ट द्या आणि वाचलेला पैसा पेल ग्रँटमध्ये टाका. पेल ग्रँट म्हणजे गरीब घरच्या मुलांना मिळणारी, परत न करायची मदत. कोणाचा टॅक्स वाढवायचा नाही, काही नाही, पैसा तिथेच पडलाय, फक्त खिसा बदला. मला ही मागणी फार आवडली होती, कारण "फी कमी करा" म्हणणं सोपं, पैसा कुठून येणार ते सांगणं अवघड, आणि या विशीतल्या पोरांनी ते उत्तर पाठ केलं होतं.

हेल्थकेअरच्या बाजूला जॉर्जटाऊनच्या लॉ स्कूलमधल्या काही मुलांनी २००९ च्या उन्हाळ्यात यंग इन्व्हिन्सिबल्स नावाचा ग्रुप काढला. वॉशिंग्टनमध्ये हेल्थकेअरवर एवढी चर्चा चाललीय आणि ज्या वयोगटात सगळ्यात जास्त लोक विना इन्शुरन्स आहेत त्या वयाचं कोणी टेबलावरच नाही, हा त्यांचा मुद्दा. विशीतल्या लोकांबद्दल तेव्हा सर्रास म्हणायचे की यांना आपण अमर आहोत असं वाटतं, म्हणून इन्शुरन्स घेत नाहीत. घेत नाहीत का परवडत नाही, हे विचारायची तसदी कोणी घेत नव्हतं. या मुलांनी देशभरातून असे अनुभव गोळा करून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली.

योगायोग बघा, १७ सप्टेंबर २००९ ला ओबामा मेरीलँड युनिव्हर्सिटीत पोरांसमोर हेल्थकेअरवर भाषण करत होते आणि त्याच दिवशी हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, स्टुडंट लोनवालं बिल २५३ विरुद्ध १७१ ने पास झालं. दोन्ही गाड्या एकाच दिवशी निघाल्या, पुढे दोन्ही वाटेत अडकल्या.

आमच्या कॅम्पसवर या सगळ्याचं रूप काय होतं? अगदी कंटाळवाणं. स्टुडंट युनियनच्या तळमजल्यावर एक खोली, गार झालेला पिझ्झा, आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद. त्यावर स्क्रिप्ट: नमस्कार, मी तुमच्या मतदारसंघात राहतो, माझा झिपकोड अमुक, मला या बिलाबद्दल बोलायचंय. काँग्रेसवाल्यांच्या ऑफिसात फोन उचलणारा बहुतेक वेळा इंटर्न, म्हणजे तोही कॉलेजचाच पोरगा, तो "हो, नोंदवतो" म्हणायचा आणि बाजूने किंवा विरोधात अशी खूण करायचा. दोन्हीकडे विशीतलीच पोरं! खूपदा तर फोन लागायचाच नाही, व्हॉइसमेल भरलेली. मला मत नाही, मतदारसंघ नाही, तर मी याद्या छापून देणं, कोणाचा फोन झाला त्यावर रेघ मारणं असली कामं करायचे. रूममेट आधी लांबून बघायची, राजकारण नको म्हणायची, तिचे वडील तर कट्टर विरोधी पार्टीचे. पण एक दिवस ती आली आणि स्क्रिप्ट बाजूला ठेवून स्वतःच्या इन्हेलरबद्दल बोलली. पलीकडचा इंटर्न पहिल्यांदाच "नोंदवतो" न म्हणता थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला माझ्या बहिणीलाही आहे. पुढे त्या ऑफिसचं मत बदललं का? नाही. त्यांच्या साहेबाने विरोधातच मत दिलं.

आपल्याकडे आंदोलन म्हटलं की घोषणा, मोर्चा, कुलगुरूंच्या केबिनबाहेर ठिय्या. मी पुण्यात कॉलेजला होते तेव्हा तर युनिव्हर्सिटीच्या थेट निवडणुकासुद्धा बंद झालेल्या, नव्वदच्या दशकातच बंद केल्या होत्या, त्यामुळे आमच्या बॅचला राजकारण म्हणजे होर्डिंगवरचे वाढदिवसाचे फोटो एवढंच माहीत. तसं रस्त्यावरचं आंदोलन अमेरिकेतही त्याच वर्षी जोरात होतं, कॅलिफोर्नियात. नोव्हेंबर २००९ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या रीजंट्सनी, म्हणजे तिथल्या नियामक मंडळाने, फी ३२ टक्के वाढवायचं ठरवलं. बर्कलेला बिल्डिंगचा ताबा, मग ४ मार्च २०१० ला राज्यभर निदर्शनं, ओकलंडला तर पोरं थेट हायवेवर गेली आणि दीडशेच्या आसपास अटक झाली. फी काही खाली आली नाही. म्हणून ते चुकीचं असं मी म्हणणार नाही, राग दिसायलाच हवा, पण कोणाला कुठे दाबलं तर दुखतं हे फोनवाल्यांना जास्त नीट माहीत होतं असं माझं मत आहे. यावर माझे दोन मित्र आजही माझ्याशी भांडतात.

बरं, आता क्लायमॅक्स. जानेवारी २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक स्कॉट ब्राउन जिंकला आणि डेमोक्रॅट्सची सेनेटमधली, म्हणजे वरच्या सभागृहातली, साठ मतं संपली. साठ नाहीत म्हणजे बिल अडवून धरता येतं. एकच दार उरलं, रिकन्सिलिएशन. हा बजेटच्या बिलासाठीचा प्रकार आहे, त्याला साधं बहुमत पुरतं, पण अट अशी की बिलात फक्त सरकारी पैशाशी संबंधित गोष्टी हव्यात आणि वर्षात अशी संधी सहसा एकदाच. स्टुडंट लोनच्या बिलातून सरकारचा पैसा वाचत होता, हेल्थकेअरच्या दुरुस्त्यांनाही बजेटचीच वाट हवी होती, तर दोघांना एकाच गाडीत बसवलं. सॅली मे आणि बँका ओरडत राहिल्या की हजारो नोकऱ्या जातील, काही डेमोक्रॅट सेनेटर्सही कुरकुरत होते, पण एकटं बिल पाडणं सोपं असतं, हेल्थकेअरला चिकटलेलं पाडणं अवघड.

१९ मार्चला ओबामा व्हर्जिनियात जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत, परत विद्यार्थ्यांसमोर. २१ मार्च, रविवारी रात्री हाउसचं मतदान, मुख्य बिल, म्हणजे सेनेटने आधीच पास केलेलं हेल्थकेअरचं बिल, २१९ विरुद्ध २१२. आम्ही लॉबीतल्या टीव्हीसमोर, अर्धे लोक उद्याच्या मिडटर्मचा अभ्यास करत. २३ ला सही. पण दुरुस्त्या आणि लोनचं जोडबिल सेनेटमध्ये गेलं आणि तिथे नियमांवर बोट ठेवून विरोधकांनी दोन छोट्या तरतुदी काढायला लावल्या, आणि गंमत म्हणजे त्या दोन्ही पेल ग्रँटच्याच होत्या! एवढं मोठं हेल्थकेअरचं भांडण आणि शेवटचा खडा लागला तो कॉलेजच्या कलमात. त्यामुळे ते परत हाउसकडे गेलं, परत मतदान, २२० विरुद्ध २०७. ३० मार्चला ओबामांनी त्यावर सही केली ती व्हाइट हाउसमध्ये नाही, नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजमध्ये, जिथे जिल बायडन इंग्रजी शिकवायच्या.

मिळालं काय? १ जुलै २०१० पासून नवी सरकारी लोन्स सगळी डायरेक्ट, बँका बाहेर. दहा वर्षांत ६१ अब्ज डॉलर वाचतील असा अंदाज, त्यातले ३६ अब्ज पेलला, पेलची कमाल मर्यादा वर्षाला ५,५५० डॉलर आणि पुढे महागाईप्रमाणे थोडी वाढ. २०१४ नंतर नव्याने लोन घेणाऱ्यांचा मिळकतीनुसार ठरणारा हप्ता, खर्चापुरती रक्कम वगळून उरलेल्या मिळकतीच्या १५ ऐवजी १० टक्क्यांपर्यंत. आणि सव्वीसचं कलम, जे मुख्य कायद्यात होतं. हाउसच्या बिलात सत्तावीस होतं, सेनेटच्या बिलात सव्वीस, आणि सेनेटचंच पास झालं, म्हणून सव्वीस. यामागे वैद्यकीय कारण वगैरे काही नाही हो. सप्टेंबर २०१० पासून लागू झालं आणि २०११ संपेपर्यंत ३१ लाख तरुणांना त्यातून इन्शुरन्स मिळाल्याचं सरकारने सांगितलं. त्यांतली एक माझी रूममेट. तिच्या वडिलांनी तिचं नाव परत घातलं, फॉर्म भरताना ओबामांना शिव्या घालत घातलं असं ती सांगायची.

काय नाही मिळालं तेही सांगते. कम्युनिटी कॉलेजेसना १२ अब्ज द्यायची घोषणा होती, हातात पडले २ अब्ज. फी कमी करायला कोणत्याही कॉलेजला कोणी भाग पाडलं नाही, त्यामुळे ग्रँट वाढली तशी फी वाढतच राहिली. आणि सव्वीसचा फायदा कोणाला? ज्याच्या आईबापाकडे इन्शुरन्स आहे त्याला. ज्यांच्या घरी मुळात नाहीच त्यांना कायद्याचा पुढचा भाग लागू होईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, थांबावं लागलं, आणि काही राज्यांत त्यानंतरही. रूममेटच्या वर्गात एक मुलगा होता, आई हॉटेलात काम करणारी, तो म्हणायचा तुमचा विजय तुम्हाला लखलाभ. त्याला काय उत्तर द्यायचं?

पुढच्या वर्षांत तर मिळालेलं टिकवण्यातच पोरांची शक्ती गेली. २०११ च्या बजेट डीलमध्ये मास्टर्स-पीएचडीवाल्यांची बिनव्याजी सवलत काढून घेतली. २०१२ मध्ये अंडरग्रॅडच्या सबसिडीवाल्या लोनचं व्याज ३.४ वरून ६.८ टक्के होणार होतं, तेव्हा विद्यार्थ्यांनी सव्वा लाखाच्या वर पत्रं काँग्रेसमध्ये नेऊन दिली आणि ते वर्षभर पुढे ढकललं गेलं. एक वर्ष! २०१५ च्या ऑगस्टमध्ये मिझुरी युनिव्हर्सिटीने ग्रॅड, म्हणजे मास्टर्स-पीएचडीच्या, विद्यार्थ्यांना ईमेल पाठवलं की उद्यापासून तुमच्या इन्शुरन्सची सबसिडी बंद, आणि कारण काय दिलं तर त्याच हेल्थकेअर कायद्याचा एक नियम. ग्रॅड्समध्ये आपली पोरंही असतात, व्हिसावरची, त्यांना तर इन्शुरन्सशिवाय राहणंच शक्य नाही. लगेच फोरम उभा राहिला, मागण्यांची यादी गेली, आठवड्याभरात युनिव्हर्सिटीने माघार घेतली. २०१७ मध्ये हाउसने टॅक्सच्या बिलात ग्रॅड्सची माफ झालेली फीसुद्धा उत्पन्न धरायचं ठरवलं. म्हणजे समजा स्टायपेंड २५ हजार आणि माफ फी ४० हजार, तर टॅक्स ६५ हजारांवर, जे ४० हजार तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिलेच नाहीत त्यावरही. देशभर ग्रॅड्सनी क्लास सोडून निदर्शनं केली, लॅबचे प्रोफेसरही आले, आणि शेवटच्या बिलातून ते कलम गेलं.

आणि मग २०२५. ज्या दारातून पंधरा वर्षांपूर्वी हेल्थकेअर आणि लोन जोडीने आत आले, त्याच रिकन्सिलिएशनच्या दारातून दोघांनाही जोडीने कात्री लागली. ४ जुलैला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यात मेडिकेडची, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी इन्शुरन्सची, मोठी कपात, दहा वर्षांत साधारण एक कोटी लोक विना इन्शुरन्स होतील असा काँग्रेसच्याच बजेट ऑफिसचा अंदाज, आणि त्यातच ग्रॅड प्लस लोन, म्हणजे मास्टर्स आणि पुढच्या शिक्षणासाठीचं सरकारी लोन, १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद. मास्टर्सला वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा, मेडिकल-लॉवाल्यांना ५० हजार, एकूण दोन लाख. सेनेटमध्ये ५०-५० झालं आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांचं निर्णायक मत. युक्ती तीच, फक्त गाडी उलट्या दिशेला.

पण सव्वीसचं कलम बघा, त्याला कोणी हात लावला नाही. २०१७ मध्ये ओबामाकेअर मोडायचं बिल हाउसने पास केलं तेव्हासुद्धा त्यात सव्वीस तसंच ठेवलं होतं. का? कारण त्याचा पैसा सरकारी तिजोरीतून फारसा जात नाही, मालक आणि आईबाप भरतात, आणि त्याचा फायदा घेणाऱ्या घरांमध्ये दोन्ही पार्ट्यांचे मतदार आहेत, रूममेटच्या वडिलांसारखे. पेल आणि लोन मात्र तिजोरीतून जातात, आणि ज्यांना लागतात ती मुलं चार वर्षांत कॉलेज सोडून जातात, पुढची बॅच येते तिला मागचं काही माहीत नसतं. बँका मात्र तिथेच असतात, त्यांचे लॉबीवालेही तेच.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीला यंदा मेडिकल स्कूलला ॲडमिशन मिळालीय, जन्माने अमेरिकन, त्यामुळे लोन सरकारी मिळणार पण वर्षाला ५० हजारच, आणि तिच्या कॉलेजचा खर्च त्याच्या कितीतरी वर. वरचं प्रायव्हेट लोन, त्यावर आईबाबांची सही. परवा फोनवर ती मला विचारत होती की मावशी, तुम्ही तेव्हा नक्की काय करायचात, इन्स्टावर टाकायचात का? मी म्हटलं नाही गं, याद्या छापायचो. ती हसली. मग म्हणाली तिच्या बॅचच्या ग्रुपवर कोणीतरी मर्यादा वाढवायची मागणी करणारं पत्र फिरवतंय, सही करू का? मी तिला सांगितलं सही कर, पण आधी तुझा झिपकोड कोणाच्या मतदारसंघात येतो ते बघ, आणि त्या ऑफिसला सकाळी उघडल्या उघडल्या फोन लाव, दुपारी व्हॉइसमेल भरलेली असते.